तिकडची माणसं कशाला हसतात?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी होऊन अठ्ठावीस वर्षं झाली. आयोजकांनी सांगितलं होतं की प्रत्येकानं आपल्या कामातून किंवा प्रवासातून शिकलेली एक गोष्ट सांगायची. मला मात्र फोन करून एक जास्तीची अट घातली, की सॉफ्टवेअरवर बोलायचं नाही. ती अट मी पाळणार आहे. आज बोलणार आहे ते हसण्याबद्दल.

नव्या गावाला जायचं ठरलं की आपण हवामान बघतो, राहायची सोय बघतो, जेवायला काय मिळतं ते विचारतो. परदेश असेल तर पैसे कुठं बदलायचे तेही बघतो. तिकडची माणसं कशाला हसतात, हे मात्र कुणी विचारत नाही. मी कामानिमित्त बरीच फिरले आणि माझं मत असं झालं आहे, की जाण्याआधी हा प्रश्न विचारला तर तिथं रुळायला निम्मा वेळ लागतो.

आता तुम्ही म्हणाल, विनोद कधी आधी अभ्यास करून कळतो का? पूर्ण कळत नाही, हे खरं. पण आपण सगळे उस्मानपुऱ्यात शिकलो. हा अभ्यास आपल्याकडून शाळेच्या रस्त्यावर आपोआप झालेला आहे. आठवून बघा. वर्गात पाठ्यपुस्तकातली मराठी, डबा खाताना घरची मराठी, पीर बाजाराकडे गेलं की दखनी. ‘हौ’, ‘नक्को’, ‘कैकू’ हे शब्द आपल्याला कुणी शिकवले नाहीत. दखनीतला ‘परसों’ म्हणजे फक्त गेला परवा नव्हे, हेही आपल्याला माहीत होतं. ‘परसोंच तो शादी हुई’ असं सांगणाऱ्याची दोन पोरं शाळेत जात असतात. बाहेरगावचा माणूस तारखेचा हिशेब करत बसतो आणि आपण हसतो. त्याला हिंदी येत असते, पण ‘परसों’ किती लांबवर जातो ते येत नसतं.

आपल्या शाळेपासून जवळच संत एकनाथ रंगमंदिर आहे. तिथं आपण स्नेहसंमेलनं केली, नाटकं पाहिली. ज्यांचं नाव त्या रंगमंदिराला आहे ते पैठणचे एकनाथ महाराज सोळाव्या शतकातले. त्यांची भारुडं आपण अभ्यासाला होती म्हणून वाचली. त्यांनी एक ‘हिंदू-तुर्क संवाद’ही लिहिला आहे, तो मी फार उशिरा वाचला. दोन माणसं एकमेकांच्या रीतींची टर उडवतात, चिडतात, एकमेकांना निरुत्तर करायला बघतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. तुर्काच्या तोंडी त्याच्या वळणाची बोली आहे. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. टर दोन्हीकडून आहे. एक बोलतो आणि दुसरा मुकाट ऐकून घेतो, असं तिथं नाही. दोघांनाही उत्तर द्यायची मुभा आहे, आणि समोरच्याला नेमकं कुठं लागेल हे दोघांनाही माहीत आहे. म्हणजे एकमेकांच्या घरात काय चालतं याची दोघांनाही पक्की माहिती आहे. त्याशिवाय चांगली टर उडवता येत नाही.

याच्या उलट अनुभव आपल्यातल्या बऱ्याच जणांना बारावीनंतर आला. आपण पुण्या-मुंबईला इंजिनिअरिंगला, मेडिकलला गेलो. पहिल्या आठवड्यात आपण सहज बोलून गेलो, ‘मी जेवायलो, तुम्ही व्हा पुढं.’ किंवा ‘काय करायलीस गं?’ आणि समोरचे हसले. ‘जेवायलो’ म्हणजे काय, जेवतो आहेस की जेवायला निघालास? परत म्हण ना एकदा! माझ्या वसतिगृहात मराठवाड्यातल्या आम्ही पाच जणी होतो. दुसऱ्या सत्रापर्यंत पाचही जणी ‘जेवतीये’ म्हणायला लागलो होतो. कुणी आम्हाला मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं हसून आमची क्रियापदं बदलून घेतली. घरी फोन केला की मात्र आम्ही पुन्हा ‘करायलो’वर यायचो, तेही दबक्या आवाजात, कारण फोन जिन्याखाली होता आणि मागं रांग असायची.

आता त्याच क्रियापदांवर त्याच पुण्यात नाट्यगृहं भरून लोक हसत होते, हे आपल्याला ठाऊक आहे. डॉ. लक्ष्मण देशपांडे आपल्या गावातले. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे ते प्रमुख होते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा त्यांचा एकपात्री प्रयोग. एकटा माणूस पन्नासहून अधिक पात्रं उभी करायचा आणि तीन तास लोक जागचे हलायचे नाहीत. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. २००९ साली सर गेले, आणि पुढं मराठवाड्यातल्याच संदीप पाठक यांनी तो प्रयोग केला. जाता जाता सांगते, नाव ऐकून विदर्भातल्या वऱ्हाडाशी त्याचा संबंध लावणारे मला कितीतरी भेटले. हे वऱ्हाड लग्नाचं आहे. मराठवाड्यातल्या खेड्यातली माणसं विमानात बसून लग्नाला लंडनला जातात, एवढीच त्याची गोष्ट.

म्हणजे अनोळखी गावाला जाण्याचीच ती गोष्ट आहे, आणि त्यातल्या कुणीही लंडनचा अभ्यास केलेला नाही. मग प्रेक्षक हसतात कुणाला? वसतिगृहात आमच्या बोलीला हसत होते, तसंच का ते? मी यावर पुष्कळ विचार केला. फरक मला असा दिसतो. वसतिगृहात बोली एकाची होती आणि हसणारे दुसरे होते. रंगमंचावर बोलीही सरांची आणि विनोदही सरांचा. कुठं थांबायचं, कुठला शब्द ओढायचा, कुणाला वेंधळं दाखवायचं आणि कुणाला बेरकी, हे सगळं त्या बोलीत वाढलेला माणूस ठरवत होता. शिवाय ती खेड्यातली माणसं विमानाकडं आणि लंडनकडं आपल्या नजरेनं बघतात आणि लंडनच विचित्र दिसायला लागतं. प्रेक्षकाला हसता हसता ती माणसं आवडायला लागतात. आमच्या क्रियापदांना हसणाऱ्या मुलींना आम्ही आवडत होतो की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हापासून मी कुठंही जायच्या आधी हे शोधते, की तिथल्या बोलीत वाढलेल्या माणसानं स्वतःच्या माणसांवर केलेला विनोद कुठला. बाहेरच्यांनी त्यांच्यावर केलेला नको. सिनेमातला नोकर मराठवाड्याचा आणि टपोरी आणखी कुठला, त्यावरून गाव कळत नाही. आजकालच्या रील्समध्येही तेच असतं. दोन-चार शब्द घ्यायचे, हेल काढायचा आणि झालं.

एक उदाहरण सांगते. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं लग्न कुडाळजवळच्या तिच्या गावी होतं आणि मी आठ दिवस तिच्या घरी राहणार होते. मालवणी माणूस तिरकस बोलतो, शिव्या देतो, असं मला सगळ्यांनी घाबरवून ठेवलं होतं. मी जाण्याआधी ‘वस्त्रहरण’ पाहिलं. गंगाराम गवाणकरांचं हे नाटक १९८० साली रंगभूमीवर आलं. मच्छिंद्र कांबळी त्यात तात्या सरपंच व्हायचे. गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात आणि एकही गोष्ट धड होत नाही. सुरुवातीला या नाटकाला गर्दी नव्हती. पु. ल. देशपांडे यांनी त्याचं मनापासून कौतुक केलं आणि नंतर त्याचे पाच हजारांच्या वर प्रयोग झाले. मालवणी मुलखाबाहेरच्या लोकांनीही ते डोक्यावर घेतलं.

मला त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत. पण तीन गोष्टी कळल्या. एक, तिथं मोठ्या आवाजात बोलणं म्हणजे भांडण नव्हे. दोन, शिवी ही बऱ्याचदा जवळच्या माणसासाठी राखून ठेवलेली असते, परक्याशी सगळे नीट बोलतात. तीन, कुणी स्वतःला फार मोठं समजायला लागला की त्याला खाली आणण्याचं काम सगळा गाव मिळून करतो. लग्नघरी पोचले तेव्हा पहिले दोन दिवस माझ्याशी सगळे फार नीट बोलत होते. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या काकांनी मला मासे नीट खाता येत नाहीत यावरून सगळ्यांसमोर झाडलं. आधीची मी असते तर खोलीत जाऊन बसले असते. त्या दिवशी मला मनातून बरं वाटलं. आता मी घरातली झाले, हे मला समजलं.

मग ओसाका. तिथं मी सात महिने होते. जपानी पर्यटक आपण लहानपणापासून अजिंठ्याला जाताना पाहिले आहेत. शांत, रांगेत चालणारे, सारखे वाकून नमस्कार करणारे. मी तयारी करायला बसले तेव्हा कळलं की ओसाकाचं प्रकरण वेगळं आहे. ते जुन्या व्यापाऱ्यांचं शहर. त्यांची बोली टोकियोच्या प्रमाणभाषेहून निराळी. टोकियोत सरकत्या जिन्यावर लोक डावीकडे उभे राहतात आणि ओसाकात उजवीकडे, इथपासून दोघांचं वाकडं. जुन्या व्यापाऱ्यांचा तिथला नमस्कार म्हणजे ‘मोकारिमाक्का?’, अर्थात ‘नफा होतोय का?’. त्याला उत्तर ‘बोचि बोचि’, म्हणजे ‘चाललंय आपलं हळूहळू’. गुलमंडीवर दुकान असलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, हेच उत्तर मिळेल. आजकाल तिथं असं फारसं कुणी म्हणत नाही, पण त्यावरचे विनोद शिल्लक आहेत.

तिथल्या बायकांना ‘ड्रेस छान आहे’ म्हटलं तर त्या आभार मानण्याआधी किती स्वस्तात मिळाला ते सांगतात. हे मी आधी वाचलं होतं आणि तिथं गेल्यावर तसंच पाहिलं. पैठण गेटवरून घेतलेल्या साडीबद्दल आपल्या आयांनीही हेच केलेलं आहे. किंमत ऐकून समोरच्यानं ‘अगं बाई, एवढ्यात?’ म्हणायचं असतं. तिथंही तसंच म्हणायचं असतं. ते मला शिकावं लागलं नाही.

ओसाकाचा मुख्य विनोदप्रकार म्हणजे मान्झाई. दोन जण उभे राहून बोलतात. एक काहीतरी मूर्खासारखं बोलतो, त्याला ‘बोके’ म्हणतात. दुसरा त्याला फटकारतो, तो ‘त्सुक्कोमी’. त्याचं ठरलेलं वाक्य ‘नान्दे या नेन!’, म्हणजे साधारण ‘अरे, हे काय आता!’. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला जसं कुणीतरी अडवणारं लागतं, तसंच. सुटाबुटात उभं राहून नुसत्या गप्पांवर चालणारी आजची मान्झाई १९३०च्या दशकात एन्तात्सु आणि आचाको या ओसाकातल्या जोडीनं रुजवली. पुढं रेडिओ आणि टीव्हीमुळे ती सगळ्या जपानभर गेली आणि ओसाकाची बोली ही विनोदाची बोली ठरली.

याचा उपयोग मला ऑफिसात झाला. तिथला एक वरिष्ठ सहकारी मीटिंगमध्ये मधूनच काहीतरी अशक्य बोलायचा. ‘हे काम उद्या सकाळपर्यंत होईल, मी रात्री माझ्या मांजराला बसवतो.’ आमच्या पुण्याच्या टीममधले लोक ऐकून गप्प. कुणी हळूच विचारायचं, मांजर म्हणजे एखादी प्रणाली आहे का? मला माहीत होतं की हा ‘बोके’ झालेला आहे आणि कुणीतरी त्याला अडवावं याची तो वाट बघतो आहे. अडवलं नाही तर त्याचा विनोद हवेत लटकत राहतो. मी म्हटलं, ‘मांजराला ओव्हरटाइम कोण देणार?’ त्याला इतका आनंद झाला, की पुढचे सहा महिने अवघड निरोप आधी माझ्याकडे यायला लागले. कामाची मुदत खरंच पाळता येणार नाही, हे सुद्धा तो मला मोकळेपणानं सांगायचा.

ओसाकाची बोली मात्र मी तिथं कधी बोलून दाखवली नाही. टोकियोच्या माणसांनी त्या बोलीची नक्कल केली की ओसाकाचे लोक मनातून चिडतात, हे मला आधीच कळलं होतं. आणि ते कळायला मला जपानी पुस्तक लागलं नाही. ‘जेवायलो’ परत म्हणून दाखव, असं मला स्वतःला सांगितलेलं होतं.

तिथं एका रविवारी मी राकुगो बघायला गेले. ओसाकात तेन्मा भागात हान्जोतेई नावाचं त्याचं खास नाट्यगृह २००६ साली सुरू झालं आहे. एक माणूस उशीवर गुडघे टेकून बसतो. हातात पंखा आणि एक रुमाल. मान इकडं वळवली की मालक, तिकडं वळवली की नोकर. सगळी पात्रं तोच करतो. मला शब्द फारसे कळत नव्हते, पण मी लक्ष्मण देशपांडे सरांना आठवत तो प्रयोग पाहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर ओसाकाकडचं राकुगो जवळपास संपलं होतं. मोजकेच कलाकार उरले होते. कात्सुरा बेइचो आणि त्यांच्या बरोबरीच्या काही जणांनी म्हाताऱ्या गुरूंकडून, जुन्या टिपणांतून गोष्टी गोळा केल्या, शिष्य तयार केले आणि ती कला परत उभी राहिली. बेइचोंना नंतर जपान सरकारनं राष्ट्रीय ठेवा म्हणून सन्मान दिला.

बोलीतला विनोद संपू शकतो, हे मला तिथं पहिल्यांदा जाणवलं. आणि इथं मी आपल्यापर्यंत येते.

माझी मुलगी पुण्यात वाढली. ती अकरा वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही इथं आईकडे आलो. ती सकाळी साडेनऊला उठली तर आई म्हणाली, ‘उठल्या का कलेक्टरीणबाई? मला वाटलं आता एकदम रात्रीच्या जेवणालाच उठवावं लागतं.’ नंतर म्हणाली, ‘लई वाळलीस माय, तिकडं अन्न रेशनवर मिळतंय का?’ मुलीनं सरळ उत्तर दिलं, ‘नाही आजी, आम्ही ऑनलाइन मागवतो.’ आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही. रात्री मला म्हणाली, ‘आजी मला सारखे टोमणे मारते. पुढच्या सुट्टीत मी नाही येणार.’

तुमच्यातल्या कितीजणांच्या घरी हे झालं आहे? मला आत्ता समोर बरेच हात दिसताहेत. पुण्यातली मुलं आहेत, बंगळुरूची आहेत, अमेरिकेतली आहेत. आपल्या मुलांसाठी आपलं गाव हेच अनोळखी गाव झालं आहे. त्यांना इथली हवा सोसते, जेवण आवडतं, वेरूळ-अजिंठा दाखवून झालेलं असतं. इथली माणसं कशाला हसतात, तेवढं त्यांना ठाऊक नाही. आमच्या आईला ‘माझी बाई, तू मला फार आवडतेस’ असं म्हणता येत नाही. ती कलेक्टरीण म्हणते. ते जर मुलीला टोमणा वाटलं, तर आजीकडे देण्यासारखं जे आहे ते पोचतच नाही.

मग मी त्या रात्री तिला समजावत बसले. माझ्या आजीच्या काळातलं शेजारच्या काकूंचं एक वाक्य सांगितलं. काकू म्हणायच्या, ‘आमच्याकडं नळ आणि जावई सारखेच. कधी येतील सांगता येत नाही आणि आले की सगळं घर कामाला.’ मुलीनं विचारलं, नळ कसा येईल? मग तिला सांगावं लागलं, की या शहरात पाणी रोज येत नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी पिंप, हंडे, बादल्या, सगळं भरून घ्यावं लागतं. मग जावयाचं सांगितलं. दोन्ही कळल्यावर ती हसली. उशिरा, पण खरी हसली. जिथं पाण्याचा त्रास आहे तिथं माणसं त्या त्रासालाच पाहुणा करून हसतात, हे तिला तेव्हा समजलं. आजी तिला वाळलीस म्हणते ते काळजीनं, हे तिला त्यानंतर समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आजीला सांगितलं, ‘कलेक्टरीणबाईंचा चहा कुठाय?’ आई दिवसभर ते सगळ्यांना सांगत होती.

म्हणून एकच विनंती करते. आपण या मेळाव्यात दोन दिवस एकमेकांशी आपल्या बोलीत बोलायलो, मनसोक्त हसायलो. घरी गेल्यावर ती बोली पुन्हा बॅगेत ठेवू नका. मुलांना इथं आणण्याआधी आजी कशी बोलते, मामा कशी थट्टा करतो, दखनीतला ‘परसों’ किती जुना असतो, हे सांगा. एखादं वाक्य समजावून सांगावं लागलं तर सांगा. समजावलेल्या विनोदाची मजा कमी होते म्हणतात. होऊ द्या थोडी कमी. पुढच्या वेळी त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

आणि आपल्या सर-बाईंना एक सांगायचं राहिलं. तुम्ही वर्गात प्रमाणमराठी शिकवलीत, पण रागावताना आणि थट्टा करताना तुम्ही नेहमी इथल्या बोलीत बोललात. आम्हाला कधीही आमच्या बोलण्याची लाज वाटू दिली नाहीत. ते किती मोठं होतं हे बाहेर गेल्यावरच कळलं.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, आणि ती पाठवणारा बारावी नापास झाल्यासारखा चेहरा करून बसला आहे. तेव्हा इथंच थांबते.